निर्वाताचं वजन आणि पिळाचा तराजू

कॅसिमिर बल, म्हणजे धातूच्या अगदी जवळच्या दोन पाट्यांमधली सूक्ष्म ओढ, मोजलं की निर्वात ऊर्जा, म्हणजे रिकाम्या जागेतली ऊर्जा, मोजली, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये मांडलेलं सूत्र धातूच्या दोन पाट्यांमधल्या ओढीचं आहे. ती ओढ स्टीव्ह लॅमोरो यांनी १९९७ मध्ये पिळाच्या तराजूने (बारीक तारेला टांगलेली दांडी, जी बल आलं की तार पिळत वळते) मोजली, तर १९९८ मध्ये उमर मोहिदीन आणि अनुश्री रॉय यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाने. पण निर्वाताचं नावही न घेता, धातूतल्या विद्युतभारांच्या परस्परक्रियेतून तेच उत्तर काढता येतं, हे रॉबर्ट जॅफी यांनी २००५ मध्ये मांडलं. मग या ऊर्जेला वजन आहे का, हे तराजूवर घातल्याशिवाय कळायचं नाही.

वजन किती, ते आधी पाहू. एक चौरस मीटरच्या पाट्या एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावर ठेवल्या, तर मधल्या ऊर्जेचं वस्तुमान जेमतेम तीन प्रोटॉनांइतकं भरतं, आणि तेही उणे. म्हणजे पाट्यांची जोडी तेवढ्याने हलकी व्हायला हवी. एका जोडीवर हे कुणालाच जमणार नाही. म्हणून इटलीत सार्डिनियातल्या सोस एनातोस या बंद खाणीतल्या ‘आर्किमिडीज’ प्रयोगात अतिवाहक (थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणारा) स्फटिक वापरायचं ठरलं. त्याच्या आत नॅनोमीटरभर अंतरावर थरांची चळतच असते. सुमारे ९० केल्विनच्या वर-खाली तापमान हळूहळू नेलं की थर अतिवाहक होतात आणि पुन्हा साधे होतात. त्याबरोबर कॅसिमिर ऊर्जा बदलते, आणि तो बदल तराजूच्या दांडीवर शोधायचा. अपेक्षित बल ०.१ फेम्टोन्यूटनच्या घरातलं (फेम्टोन्यूटन म्हणजे न्यूटनचा १०⁻¹⁵ भाग).

यात खरी मेख उष्णतेची आहे. एक ज्यूल उष्णतेचं वजनही जवळपास ०.१ फेम्टोन्यूटनच भरतं! स्फटिक तापवला की तो त्या उष्णतेपायीच जड होतो, आणि हा हिशेब वेगळा काढल्याशिवाय निकालाला अर्थ नाही. शिवाय अतिवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, म्हणून चुंबकीय कवच हवं. उरलेली हवा तापली तरी दांडी ढकलते, म्हणून उष्णता द्यायची-घ्यायची ती फक्त प्रारणाने.

सोलापुरात बसून हे होणार नाही. पण अडचणींची जात हाताखालून घालायची असेल, तर एमएस्सीच्या प्रकल्पाला पिळाचा तराजू उत्तम. ५० मायक्रॉन जाडीची एक मीटर टंगस्टन तार, २० सेंटीमीटरची हलकी दांडी, दोन टोकांना २०-२० ग्रॅम शिसं. एक झोका सुमारे ४०० सेकंदांचा येतो. दांडीच्या मध्यावर छोटा आरसा लावा आणि लेझरचा ठिपका पाच मीटरवरच्या भिंतीवर घ्या. ठिपका एक मिलिमीटर सरकला, तर टोकावर ०.१ नॅनोन्यूटन बल आलं असं धरा. आर्किमिडीजला याच्या दशलक्षांश बल पकडायचंय.

टंगस्टनला साधं डाग देणं बसत नाही. बारीक तांब्याच्या नळीत तार घालून नळी पकडीने दाबून घ्या. नवी तार काही दिवस भारासकट टांगून ठेवा, नाहीतर ती आपली आपणच पीळ सोडत राहते आणि ठिपका एका बाजूला वाहत जातो. तारेच्या वरच्या टोकाला तांब्याची चकती आणि चुंबक लावलं तर लंबकासारखं डोलणं निवतं. ते डोलणं दोन सेकंदांचं असतं, आणि शेजारी यंत्रमाग चालू असतील तर ते सतत उचंबळत राहतं. अक्कलकोट रोडच्या बाजूला राहत असाल तर तळमजला, काळ्या दगडाची भिंत आणि मागांची पाळी बंद असतानाची वेळ. जानेवारीची हवा सर्वांत चांगली, फक्त सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीचे दिवस सोडून.

मे महिन्यात पंखा नको आणि कूलर तर नकोच. पेटी बंद ठेवा. कोरड्या हवेत काचेवर स्थिर विद्युतभार साठतो, म्हणून आतून ॲल्युमिनियम फॉइल लावून ती तारेसकट अर्थिंगला जोडा. हा भार किरकोळ समजू नका: एक चौरस सेंटीमीटरच्या पाट्या एक मायक्रॉनवर असताना कॅसिमिर ओढ १३० नॅनोन्यूटन असते, आणि पाट्यांमध्ये नुसता १७ मिलिव्होल्टचा फरक राहिला तरी विजेची ओढ तेवढीच होते. दोन निरनिराळ्या धातूंचे पृष्ठभाग जोडले तर यापेक्षा जास्त फरक सहज येतो. म्हणून आधी व्होल्टेज बदलत नेऊन ओढ किमान होते तो बिंदू शोधावा लागतो.

मग याच तराजूवर कॅसिमिर का मोजू नये? कारण तार फार मऊ आहे. एक मायक्रॉनला ओढ इतक्या झपाट्याने वाढते की पाट्या फटकन चिकटतात. तारेचा ताठरपणा त्यासमोर पन्नास हजार पटींनी कमी पडतो. लॅमोरोंना विद्युत प्रतिभरण (फीडबॅक) देऊन दांडी जागेवर धरावी लागली. शिवाय सपाट पाट्या एक सेंटीमीटर लांबीत ०.१ मायक्रॉनच्या आत समांतर ठेवणं फार अवघड. एक धूलिकण पुरेसा असतो. म्हणूनच बहुतेक जण गोल आणि सपाट अशी जोडी घेतात.

आपण कॅसिमिरऐवजी शिशाच्या गोळ्यांची गुरुत्वाकर्षणाची ओढ मोजण्यावर थांबू. दीड किलोचे दोन गोळे, दांडीच्या टोकांपासून केंद्र-ते-केंद्र पाच सेंटीमीटरवर, समोरासमोरच्या बाजूंना. ठिपका सुमारे १६ मिलिमीटर सरकायला हवा आणि बाजू बदलल्यावर ३२. झोका थांबायची वाट पाहू नका. लागोपाठच्या तीन वळणबिंदूंवरून मधली जागा काढा. नोंद घेताना तारेच्या सरळ समोर, दूर बसा. ६० किलोचा माणूस एका टोकापासून मीटरभरावर उभा राहिला तरी त्या टोकावर ०.०८ नॅनोन्यूटनची ओढ येते. आकडा निम्म्यानेच आला तर आधी तारेची जाडी मायक्रोमीटरने तपासा: तारेचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे ५० ऐवजी ६० मायक्रॉनची तार आली असेल तर उत्तर अर्ध्याहून खाली जातं.