पाण्याची दुसरी बाटली

भंडारा जिल्ह्यातल्या धानपट्ट्यात आमचं हायस्कूल. मी नववीचा वर्गशिक्षक. जानेवारीत सकाळी सात वाजता लेझीमची तालीम सुरू होती, आणि ती मुलगी पुन्हा ओट्यावर बसलेली. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "रोजचंच नाटक आहे तुझं!" ती मुकाट्यानं रांगेत येऊन उभी राहिली. दहा मिनिटांत गुडघे धरून खाली बसली.

तिची मैत्रीण लेझीम टाकून धावली. अंगातला स्वेटर काढून तिच्या पायांना गुंडाळला, दप्तरातून पाण्याची बाटली काढली. "सर, तिले सिकलसेल आहे. थंडीत हाडं लय ठणकतेत तिचे."

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, हे मी प्रशिक्षणात वहीत उतरवून घेतलं होतं. पण दिव्यांग म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कुबड्याच यायच्या. धडधाकट दिसणारी पोरगी कधी आली नाही.

ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावलं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून या कळा. गारठ्यानं वाढतात, पाणी कमी पडलं तरी वाढतात. डॉक्टर मला सांगत होते. मैत्रिणीला ते सातवीपासून ठाऊक होतं. आईनं शाळेला कळवलं नव्हतं. उद्या पोरीचं लग्न अडेल, ही धास्ती. त्या माउलीला मी काय दोष देणार?

बाहेर बाकड्यावर मैत्रीण एकेक सांगत गेली. तिची जड पुस्तकं हिच्या दप्तरात असतात. दोन बाटल्यांतली दुसरी तिच्यासाठी. एवढं पाणी प्यायल्यावर लघवीला जावं लागतंच. एकटीला संकोच, म्हणून दोघी मिळून परवानगी मागायच्या. आणि मी? 'गप्पा मारायला जाता' म्हणून कितीदा खाली बसवलं होतं! मग ती पाणीच प्यायची नाही, म्हणाली. माझ्या तासाला, माझ्यासमोर, ती पोर तहान मारून बसत होती.

मुख्याध्यापकांशी बोलून तालीम दुपारच्या उन्हात घेतली. "ती बसून बघेल," मी म्हणालो, तर पोरी एकदम उसळल्या. "काहून सर? शिट्टी तिच्याकडं द्या ना. ताल तिलेच पक्का येते."

26 जानेवारीला दोन स्वेटर, कानटोपी घालून ती ध्वजाच्या कट्ट्याशी उभी राहिली. शिट्टी वाजली आणि सगळ्या लेझिमा एकदम खाली गेल्या. मध्येच मैत्रिणीनं रांगेतूनच तिला खुणावलं, पाणी पी. तिनं शिट्टी काढली, दोन घोट घेतले आणि पुढचा ठेका दिला.