बदनाम हुलगे आणि साळसूद मटकी

"सिस्टर, सुनेला दिवस गेलेत. हुलगे बंद करू ना?"

अमळनेर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न ऐकला. ३१ वर्षं नोकरी झाली, निवृत्तीलाही चार वर्षं झाली, तरी तो पाठ सोडत नाही. बाजारात, हळदीच्या मांडवात, एकदा तर एसटीत अनोळखी बाईनं विचारला. अलीकडे त्यात राजमा आणि मोडाची मटकी आली आहे. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हुलगे खाऊ द्या. शेंगोळे करा, पिठलं करा, जे तिला आवडेल ते. "हुलगा गरम पडस" हे आमच्याकडे सासूकडून सुनेकडे दागिन्यासारखं चालत आलेलं वाक्य आहे. पण शिजवलेले वाटीभर हुलगे खाऊन कुणाचा गर्भ पडल्याचं मी कधी पाहिलं नाही, आणि तसं व्हावं असं वैद्यकातही काही कारण नाही. मुतखड्यावर म्हणून रोज उपाशीपोटी हुलग्याचा काढा घेणं ही गोष्ट वेगळी. ते औषध झालं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचंही तेच. 'जड' म्हणून ती बंद करणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. हिमोग्लोबिन आठावर आलेली पोर, तिच्या ताटातून हुलगे गेले, उडीद गेले, चवळी वातूळ म्हणून गेली. उरलं काय, तर चहा आणि टोस्ट! लोह कडधान्यात आहे, पण ते अंगी लागायला जरा नखरे करतं. वरून लिंबू पिळलं तर बरं शोषलं जातं, जेवणाला लागून चहा घेतला तर कमी. म्हणून मी सासवांना सांगायचे, उडीद ठेवा, चहा तासभर लांबवा. चहावर हात टाकला की चेहरे पडायचे.

एक मात्र खरं, कडधान्यात फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप असतं, पण त्यावर विसंबून फॉलिक ॲसिडची गोळी टाळायची नाही. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी नीट मिटायला ते लागतं, आणि ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याची शंकाही आलेली नसते. म्हणूनच फॉलिक ॲसिडची गोळी मूल हवं असं ठरवतानाच सुरू करायची.

आता राजमा. हा काही आपल्या मातीतला नाही, हॉटेल आणि लग्नाच्या पंगतीतून घरात शिरला. त्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं, आणि लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. दोन-तीन तासांत मळमळ, मग उलट्या-जुलाब. सुरतेला दिलेली माझी भाची पाचव्या महिन्यात होती. कुकरची रिंग गेली म्हणून तिनं राजमा पातेल्यात मंद आचेवर ठेवला. पाणी वाफाळलं, पण खळखळा उकळलं नाही. दाणा दाताखाली कचकच लागत होता, तरी भुकेपोटी खाल्ला. दुपारी सलाईन लावावं लागलं. बाळाला काही झालं नाही, पण रात्रभर फोनवर आमचा जीव टांगणीला लागला होता.

गंमत अशी, की अर्धवट तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. तेव्हा रात्री भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात अर्धा तास खळाळून उकळायचा किंवा कुकरला दाणा बोटानं दाबला की पिठूळ होईपर्यंत शिजवायचा. असा शिजवलेला राजमा गरोदर बाईनं खुशाल खावा. पोट फुगेल थोडं, त्या दिवसांत आतडी तशीही आळसावलेली असतात. ओवा टाका, वाटी लहान घ्या. कडवे वालही भिजवून, पाणी फेकून, नीट शिजवूनच.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ती मटकी. ही माझीच चूक आहे. कितीतरी वर्षं मी बायकांना सांगत आले, "मोड आलेली मटकी कच्चीच खा, कांदा-लिंबू टाकून. शिजवलं की सगळं निघून जातं." आम्हाला कुणी सांगितलं होतं तेही आता आठवत नाही. पण मोड यायला लागतं काय, ओलावा आणि ऊब. जंतूंनाही नेमकं तेच लागतं. मे महिन्यात आमच्याकडे फडक्यात बांधलेल्या मटकीला रात्रीत बोटभर मोड येतात, तेव्हा त्या फडक्यात आणखी काय वाढलं असेल ते डोळ्यांना दिसत नाही. जंतू दाण्याच्या चिरांत असतात, धुऊन निघत नाहीत. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून साथ पसरली, तीन हजारांवर माणसं आजारी पडली, पन्नासेक दगावली. गरोदर बाईला याहून मोठी भीती लिस्टेरिया नावाच्या जंतूची. तिला नुसती कणकण जाणवते, पण जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि गर्भपातही होऊ शकतो. फ्रीजमध्ये ठेवून उपयोग नाही, तो थंडीतही वाढतो. उष्णतेनं मात्र मरतो. म्हणून मटकी मोडाचीच करा, पण उसळ करा. वाफ येऊन आतपर्यंत शिजलेली. फोडणीत दोन मिनिटं परतून भागत नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतली एक आजी नातसुनेसाठी वाटीभर कच्ची मटकी घेऊन दारात उभी. लिंबू पिळलेलं, कोथिंबीर घातलेली. मी म्हटलं, "आजी, हिला कढईत टाका आधी."

आजी माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हीज ते सांगेल व्हतं ना, मन्ही सूनले, कच्ची खावाडो म्हनीसन."

सांगितलं होतं. तिची ती सून आता स्वतः सासू झाली आहे, लेक धडधाकट आहे.

"तुमचं नशीब चांगलं होतं, आजी," मी म्हटलं. "आणि माझंही."

वाटी घेऊन मीच गॅस पेटवला.