वायपी इंजिन: न सापडलेली फाइल बरी, चुकीची सापडलेली नको

वायपी या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आम्ही दोघं मिळून संगणकावर करतोय, पण या वेळी नवीन पार्ट (सुट्या भागाची फाइल) एकही काढलेला नाही. बॉयलर, चौकट आणि डावी बाजू माझ्या लॅपटॉपवर होती. उजवी बाजू आणि टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) नांदेडच्या मित्राकडे. दोन्ही एकत्र करून मुख्य असेंब्ली, म्हणजे सगळे पार्ट जोडून दाखवणारी फाइल, उघडायची, एवढंच काम होतं. सगळा वेळ त्यातच गेला.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. वायपी म्हणजे मीटरगेजवरचं प्रवासी गाड्यांचं वाफेचं इंजिन. चाकांची मांडणी ४-६-२ (पुढे चार लहान, मध्ये सहा जोडचाकं, मागे दोन), जोडचाकांचा व्यास १३७२ मिमी, बाहेरच्या बाजूला दोन सिलिंडर आणि सिलिंडरात वाफ सोडणारे व्हॉल्व्ह हलवायला वॉलशार्ट व्हॉल्व्ह गिअर ही दांड्यांची रचना. मनमाड–काचीगुडा मार्ग मीटरगेज होता तेव्हाच्या गाड्या आठवणारी माणसं पूर्णा, परभणी भागात अजून भेटतात, आणि आमच्या या उद्योगाचं मूळ तेच. मॉडेल सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. नटबोल्ट आणि कॉटर पिना धरल्या तर पार्टची संख्या हजारांत जाते.

पहिल्यांदा उघडताच अपेक्षेप्रमाणे ‘फाइल सापडत नाही’ची रांग लागली. मित्राचा फोन: “दादा, फाइल तर फोल्डरात दिसू लागली की, मग ह्याला सापडंना काहून?” कारण असं की असेंब्लीच्या आत पार्ट नसतोच, त्याचं नाव आणि पत्ता असतो. त्याच्याकडे सगळं डी ड्राइव्हवर, माझ्याकडे डी ड्राइव्हच नाही. क्लाउड सिंक चालू केलं की डेस्कटॉपचा पत्ता गुपचूप बदलतो, तेही एक कारण होतं. शिवाय फोल्डरात फोल्डर घालत गेलं की विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा आडवी येते. आणि हो, ‘मधला दांडा’ अशी देवनागरी नावं कितीही गोड वाटली तरी झिप करताना-उघडताना त्यांची कधी कधी माती होते. फाइलची नावं रोमन अक्षरांतच ठेवा, मराठी नाव पार्टच्या वर्णनात टाका.

ही रांग समोर आली की बहुतेकजण एकेक फाइल ब्राउझ करून दाखवत बसतात. ते करू नका. ‘न सापडलेले सगळे सप्रेस करा’ (म्हणजे तात्पुरते बाजूला ठेवा) हा पर्याय घ्या, असेंब्ली उघडू द्या, काय काय गायब आहे ते ट्रीमध्ये, म्हणजे बाजूच्या पार्टच्या यादीत, बघून घ्या आणि सेव्ह न करता बंद करा. सेव्ह केलंत तर सप्रेस अवस्थाही त्यात जाते आणि मग पुढच्या वेळी तक्रारच येत नाही. त्यानंतर ओपनच्या खिडकीत असेंब्ली नुसती निवडायची, उघडायची नाही, आणि ‘रेफरन्सेस’ बटण दाबायचं. तिथे प्रत्येक पार्टचा पत्ता यादीत दिसतो आणि बऱ्याच ओळींचा फोल्डर एकदम बदलता येतो. आमचे ड्राइव्हचे घोळ तिथेच मिटले.

खरी गंमत त्यानंतर झाली. असेंब्ली एकही तक्रार न करता उघडली. जोडचाकं फिरवली, डावीकडचा व्हॉल्व्ह बरोबर सरकला. उजवीकडचा एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. मेट, म्हणजे पार्ट एकमेकांना जोडणारे नियम, सगळे ठीक. मग व्हॉल्व्ह गिअरचे दांडे एकेक करून तपासले: कॉम्बिनेशन लिव्हर मोजला, ठीक. एक्स्पान्शन लिंकही ठीक. शेवटी उजवीकडच्या रिटर्न क्रँकवर (चाकाकडून या दांड्यांना गती देणारा भाग) क्लिक करून पत्ता पाहिला, तर तो ‘डावी’ फोल्डरातला!

दोन्ही बाजूंच्या फोल्डरांत फाइलचं नाव एकच होतं. सॉलिडवर्क्स एकाच नावाच्या दोन वेगवेगळ्या फाइल एका वेळी उघड्या ठेवत नाही. पार्ट शोधताना ते आधी मेमरीत बघतं, मग (पर्याय चालू असेल तर) आपण दिलेल्या फोल्डरांच्या यादीत. असेंब्लीत जपलेल्या पत्त्याची पाळी बरीच मागे येते. डावा क्रँक आधी मेमरीत येऊन बसला होता, त्यामुळे उजवीकडेही तोच गेला. एका गावात एकाच आडनावाची दोन घरं, आणि पोस्टमन पहिल्या दारात सगळी पत्रं टाकून मोकळा.

यावर इशारा मिळायला हवा होता, आणि एरवी मिळतोही: प्रत्येक फाइलला अंतर्गत आयडी असतो, नाव तेच पण आयडी वेगळा असला तर सॉलिडवर्क्स विचारतं. पण उजवी बाजू डाव्या फाइलींची विंडोजमधूनच कॉपी करून, मग त्यात बदल करून तयार झाली होती. कॉपीबरोबर आयडीही तसाच गेला. म्हणून मी म्हणतो, न सापडलेली फाइल निदान ओरडते. ही गप्प बसते, आणि आपण दोष मेटमध्ये शोधत बसतो.

दुरुस्तीचा क्रम म्हणून उलटा ठेवला: आधी नावं, मग पत्ते. मित्राने त्याच्याकडे नुसती उजवी सब-असेंब्ली (त्या बाजूपुरती छोटी असेंब्ली) उघडली, म्हणजे डावे पार्ट मेमरीत नाहीत. मग असेंब्लीची सगळ्या पार्टसकट प्रत काढणाऱ्या ‘पॅक अँड गो’मधून सगळ्या नावांच्या आधी ‘आर’ लावून नवी प्रत काढली. प्रतीतले संदर्भ नव्या नावांकडे आपोआप वळतात. एकट्या पार्टचं नाव बदलायचं तर विंडोज एक्सप्लोररमध्ये राइट क्लिक करून सॉलिडवर्क्सच्या मेनूतलं ‘रिनेम’ वापरा, विंडोजचं साधं रिनेम नको. त्याने असेंब्लीला काही कळत नाही.

बोल्टांचं प्रकरण वेगळं. क्रॉसहेडमधून मांडीएवढा बोल्ट बाहेर आलेला दिसला तर घाबरू नका, तो टूलबॉक्सचा, म्हणजे सॉलिडवर्क्सच्या तयार नटबोल्टांच्या संग्रहातला आहे. ते माप मित्राच्या मशिनवर तयार झालेलं, माझ्या टूलबॉक्सात ते नाही, म्हणून भलतंच माप उघडतं. पॅक अँड गो करताना ‘टूलबॉक्सचे भाग घ्या’वर टिक केली की भागलं.

ट्रीमध्ये काही पार्टपुढे बाण आणि प्रश्नचिन्ह अजून आहे. म्हणजे त्यांच्या स्केचचा आधार ज्या असेंब्लीत घेतला होता ती उघडलेली नाही. बाणापुढे फुली असेल तर संदर्भ तोडलेला आहे. प्रश्नचिन्हवाले तूर्त तसेच ठेवतोय. स्लाइड बारच्या ब्रॅकेटची मापं पक्की झाली की त्यांना स्वतःची मापं देऊन मोकळे करू.

फ्रीकॅड हे दुसरं डिझाइन सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लातूरकरांनी विचारलं होतं, आमच्याकडे हे पत्ते कुठे बघायचे, म्हणून: तुमची फाइल म्हणजे मुळात झिपच असते. आतली ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल उघडली की बाहेरच्या लिंकचे पत्ते साध्या मजकुरात वाचता येतात. वाचा जरूर, बदल मात्र प्रतीवरच करा.

उजवा व्हॉल्व्ह आता डाव्याशी ९० अंशांच्या फरकाने नीट चालतो. टेंडर राहिलंय. तिथल्या ब्रेकच्या दांड्यांची नावं ‘पार्ट१’, ‘पार्ट२’ अशी आहेत आणि माझ्या बॉयलरच्या फोल्डरातही एक ‘पार्ट१’ आहे, त्यामुळे ते नाव बदलल्याशिवाय टेंडर जोडणार नाही.