गेज 90 दाखवत होतं, तरी सँडर मरत होता

हवेच्या दाबावर चालणाऱ्या सँडरने, म्हणजे घासायच्या मशीनने, बॉनेटवरची पुट्टी घासायचं काम चालू होतं. हाताखालचा पोरगा कामाला चांगला, पण घाईचा. "दादा, सँडर दमच धरत नाही. जरा टेकवला की मरतो," म्हणाला. मी शेजारच्या गाडीला मास्किंग टेप लावत होतो. मी उठेपर्यंत त्याने भिंतीवरचा रेग्युलेटर पिळून 90 पीएसआयचं प्रेशर सव्वाशेवर नेलं आणि मशीन हवेतच धरून लीव्हर दाबला.

रोजची घरघर नव्हती. सूर शिट्टीसारखा चढत गेला, मग फाट्‌कन आवाज आला आणि पॅडचा, म्हणजे घासायचा कागद लावतात त्या गोल चकतीचा, तुकडा पत्र्याच्या कपाटावर आदळला. दुसरा त्याच्या चष्म्यावर ओरखडा काढून गेला. सेफ्टी चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

तुकडे गोळा करून पाहिले. पॅडच्या पाठीवर कमाल वेग 10,000 आरपीएम छापलेला, मशीनच्या अंगावर 12,000. कुणीतरी दुसऱ्या मशीनचा पॅड बसवला होता. आटे जुळले की बसतो, म्हणून काय तो त्या मशीनचा होत नाही. शिवाय मधल्या स्क्रूभोवती जुनी चीर होती. त्यात प्रेशर सव्वाशे आणि पॅडवर भार शून्य. मशीन आधी कामावर टेकवायचं आणि मगच लीव्हर दाबायचा, हे त्यासाठीच.

"पण प्रेशर तर कमी पडत होतं, मग वेग वाढला कसा?" पोराचा प्रश्न रास्त होता. लीव्हर सुटलेला असतो तेव्हा पाइपात हवा तुंबलेली असते, त्यामुळे पहिला झटका पूर्ण सव्वाशेचा बसतो. हवा वाहायला लागली की प्रेशर पडतं. मी सँडरच्या तोंडाशी छोटं गेज जोडलं आणि रेग्युलेटर परत 90 वर आणला. लीव्हर सोडलेला असताना 90. दाबल्यावर काटा थेट साठाच्या आसपास. म्हणजे दोष मशीनचा नव्हता. 6 मिलिमीटर आतल्या व्यासाचा लांबलचक पाइप आणि मध्ये जोडलेले अरुंद कपलर (पाइप जोडायचे तुकडे) प्रेशर गिळत होते. सँडरला लागतं ते 90 चालू मशीनच्या तोंडाशी, भिंतीवर नव्हे.

हवेवरचं मशीन घेताना लोक पॅडचा आकार बघतात, हवेचा खप बघत नाहीत. काही कॅटलॉगात तो आकडा थांबत-थांबत वापर धरून काढलेली सरासरी असतो. ड्रिलला ते चालेल; सँडर मात्र सलग चालतो. पिस्टन कॉम्प्रेसर ढोबळमानाने एका हॉर्सपॉवरमागे 3 ते 4 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो आणि मोठा सँडर सहज 12-15 मागतो. कॉम्प्रेसर छोटा असेल तर त्यापेक्षा विजेचा सँडर बरा, असं माझं मत. पाण्याने ओलं घासायचं असेल तेव्हा मात्र हवेचाच, शॉकची भीती नको.

पोरगा तोवर एअर गनने अंगावरची पुट्टी उडवायला निघाला होता. ती आधी काढून घेतली. ती धूळ परत नाकातच जाते, आणि हवेचा झोत कातडीवर मारणं हाही खेळ नव्हे.

दुपारी 10 मिलिमीटरचा आखूड पाइप, मोठ्या भोकाचे कपलर आणि मशीनच्या कंपनीचाच पॅड आला. पॅड बदलण्याआधी पाइप काढून ठेवायला लावला. लीव्हर दाबून काटा पाहिला, 84. रेग्युलेटर किंचित वर घेतला आणि पोराने बॉनेट संपवलं.