जीव न्यायला आलेला शिनिगामी आणि मित्सुकीचा आवाज

ताकुतो हा शिनिगामी, म्हणजे आपल्याकडचा यमदूत म्हणा, आणि त्याची ड्युटी काय तर मित्सुकी नावाच्या 12 वर्षांच्या एका मुलीचा जीव वर्षभराने घेऊन जायचा. आणि हाच पोरगा पुढे 52 एपिसोड तिच्यासाठी जिवाचं रान करतो. ही फुल मून ओ सागाशिते, जपानी अॅनिमे (कार्टून) सिरीज. ज्यांनी बघितलं नाहीये त्यांनी आधी बघा मग हे वाचा, कारण पुढे स्पॉइलर आहेत आणि ते टाळून या सिरीजबद्दल मला मनापासून काही लिहिताच येणार नाही.

मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, आरिना तानेमुराचा, रिबोन मासिकात यायचा, शाळकरी मुलींचं मासिक. त्यावरून स्टुडिओ दीनने सिरीज केली, एप्रिल 2002 ते मार्च 2003, टीव्ही टोकियोवर. मित्सुकीच्या घशात सार्कोमाची, म्हणजे कॅन्सरची गाठ आहे, ऑपरेशन केलं तर जगेल पण आवाज जाईल, आणि तिला गायिकाच व्हायचंय कारण एइचीला तसं वचन दिलंय, जो अनाथाश्रमात तिच्याबरोबर होता आणि मग दत्तक जाऊन अमेरिकेला गेला. घरी आजी, तिच्यासमोर गाण्याचं नाव काढायचं नाही. अशात एक दिवस ताकुतो आणि त्याची पार्टनर मेरोको, असे दोन शिनिगामी भिंतीतून थेट तिच्या खोलीत येतात, प्राण्यांचे कानबिन लावलेले, रंगीबेरंगी कपडे, कारण ते लहान मुलांच्या विभागाचे, आणि त्यांच्या जोडीचं नाव आहे नेगी रामेन, म्हणजे कांदापातीचं रामेन, जपानी नूडल्सचं सूप! तिला ते दिसायला नकोत पण दिसतात, आणि आपल्याकडे एकच वर्ष उरलंय हे तिला कळतं. ती रडत बसत नाही. एकच वर्ष आहे ना, मग ऑडिशनला आत्ताच गेलं पाहिजे, म्हणून पळत सुटते. ताकुतो तिला 16 वर्षांची करतो, घसा एकदम मोकळा, आणि ती गाते. फुल मून नावाने तिचं करिअर तिथून सुरू होतं.

सुरुवातीला यात प्रेमबिम काही नसतं हे मला फार आवडतं. ताकुतोचा हिशोब साधा आहे, पोरीची इच्छा पुरी झाली की ती शांतपणे वेळेवर येईल, आपलं काम सोपं. माया नंतर येते, हळूहळू, त्याच्याही नकळत.

मग कळतं की या जगात शिनिगामी कोण होतं, तर ज्यांनी स्वतःचा जीव संपवायचा प्रयत्न केला ते. आधीचं आयुष्य त्यांना आठवत नाही आणि आठवलं तर त्यांची धडगत नसते. ताकुतो रूट एल नावाच्या बँडचा गायक होता, त्यालाही घशाचाच आजार, त्याने ऑपरेशन केलं, आवाज गेला, आणि पुढे जगणं त्याला जमलं नाही. आता मागचे सगळे एपिसोड परत आठवून बघा, प्रत्येक वेळी तिला मोकळा घसा देणारा हा, ज्याचा स्वतःचा घसा गेला होता!! माझ्या तर पोटात तुटलं.

जपानमधली शिनिगामीची सगळ्यात गाजलेली गोष्ट राकुगोमधली, म्हणजे एकट्याने बसून गोष्ट सांगायच्या जपानी कलेतली, सान्युतेइ एनचोच्या नावावर आहे, मेइजी काळातली (1868 ते 1912), त्यात माणसांच्या आयुष्याच्या मेणबत्त्या जळत असतात आणि विझली की संपलं, घासाघीस नाही. इथे उलटं आहे, इथे न्यायला आलेलाच हट्ट धरून बसतो की तू जग. आणि मित्सुकीला जगायचंच नसतं. एइची या जगात नाहीये हे सिरीजमध्ये बरंच उशिरा येतं, मांगामध्ये तर तिला ते पहिल्यापासून माहीत असतं आणि तरी ती हसत त्याची वाट बघतेय असं दाखवत राहते, म्हणजे तिला मरायची भीती का नव्हती ते तिथे कळतं, तिला त्याच्याकडेच जायचं असतं. अशा मुलीला जग म्हणून कोणी सांगावं? डॉक्टर सांगतात, आजीलाही ती हवीच आहे, पण ताकुतोने सांगण्याला वेगळं वजन आहे, तो त्या वाटेने जाऊन आलाय.

मेरोकोबद्दल कोणी पुरेसं बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. ताकुतोची पार्टनर, सशाचे कान, कायम बडबड, आणि ताकुतोवर जीव. तो मित्सुकीकडे ओढला जातोय हे तिला सगळ्यात आधी दिसतं आणि ती तरी मित्सुकीचा राग धरून बसू शकत नाही. तिचा आवाज चिएको होंडाचा, त्या 2013 मध्ये गेल्या, त्यामुळे आता मेरोकोचे हसरे सीनसुद्धा जड जातात.

आणि गाणी. मित्सुकीचं बोलणं आणि गाणं दोन्ही मायकोचं, चेंजिन माय लाइफ बँडची गायिका, म्हणून बोलता बोलता गाणं सुरू झालं तरी माणूस बदलल्यासारखं वाटत नाही. न्यू फ्यूचर छान आहेच पण एटर्नल स्नो लावा, हेडफोनवर, एकटं असताना.

मधले काही एपिसोड रेंगाळतात, रेकॉर्ड कंपनीतलं राजकारण जरा कमी चाललं असतं, अॅनिमेशनही जुनं वाटेल, तेवढं चालवून घ्या. शेवट सांगत नाही. मांगा 2004 पर्यंत चालला, सिरीज त्याच्या आधीच संपली, त्यामुळे दोन्हीचे शेवट वेगळे आहेत. आधी सिरीज बघा, मग मांगाचे सातही भाग वाचा, आणि मेरोकोसाठी तरी मांगा सोडू नका.