मागच्या सीटवरचे मूल आणि आपला आत्मविश्वास

बंद गाडीत राहून गेलेल्या लहान मुलाच्या मृत्यूची बातमी आली की तिच्याखाली बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : पोटचे मूल कुणी विसरू तरी कसे शकते? त्यांना उत्तर हवे असते असे मला वाटत नाही. आपण त्या आईबापांसारखे नाही, एवढीच स्वतःची समजूत त्यांना घालायची असते. माझ्या मते खरा धोका याच समजुतीत आहे, कारण ज्याला स्वतःच्या स्मरणशक्तीची पक्की खात्री असते, तो खबरदारीची कोणतीही सवय लावून घेत नाही.

आधी उष्णतेविषयी. काचांतून आलेले ऊन डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि सीटची आवरणे शोषून घेतात, त्यांच्यामुळे आतली हवा तापते आणि दारे बंद असल्याने ती बाहेर जाऊ शकत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना उभ्या गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आढळले आणि त्यातली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच थोडी खाली ठेवल्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. म्हणजे बाहेर हवा सुखद असली तरी गाडी धोकादायक होऊ शकते. २०१८ मध्ये ॲरिझोनातील संशोधकांनी कडक उन्हाळ्यात केलेल्या मोजणीत, उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत, तर आतली हवा ४७ अंशांपर्यंत तापली होती. सावलीत लावलेल्या गाड्यांतली हवाही ३८ अंशांच्या आसपास पोचली होती, त्यामुळे ‘झाडाखाली लावली आहे’ या दिलाशाला फारसा अर्थ उरत नाही.

त्याच हवेत मोठा माणूस घामाघूम होऊन दार उघडेल. लहान मुलाचे शरीर मात्र मोठ्यांच्या तुलनेत तीन ते पाच पट वेगाने तापते, त्याची घामावाटे थंड होण्याची क्षमता कमी असते आणि पट्ट्यांनी बांधलेल्या, जाड गादीच्या सीटमध्ये त्याची पाठ वाऱ्यालाही उघडी नसते. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांच्या वर गेले की उष्माघाताची अवस्था सुरू होते, मेंदूचे काम बिघडते, आणि ते ४२ अंशांच्या जवळ पोचले की जीव वाचवणे कठीण होते.

आता विसरण्याविषयी. १९९८ पासून एकट्या अमेरिकेत अशा घटनांत एक हजाराहून अधिक मुलांचा मृत्यू झाला असून त्यांतील निम्म्याहून अधिक मुले गाडीतच विसरली गेली होती. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील डेव्हिड डायमंड यांनी या प्रकारांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीनुसार, रोजच्या रस्त्याने गाडी चालवताना सवयीची स्मृती ताबा घेते आणि ‘आज वाटेत पाळणाघरात थांबायचे आहे’ ही ठरवलेली गोष्ट तिच्याखाली दबून जाते. एरवी मुलाला सोडण्याचे काम जोडीदाराकडे असते, रात्री झोप झालेली नसते, मूल मागे गाढ झोपलेले असते, आणि पाठमोऱ्या बसवलेल्या त्याच्या सीटमध्ये कुणी आहे की ती रिकामी आहे, हे चालकाच्या जागेवरून कळत नाही. (एअरबॅगपासून जपण्यासाठी मुलांना मागे बसवणे योग्यच होते, पण त्यामुळे ती नजरेआड गेली.) इतकेच नव्हे, तर मेंदू मुलाला पोचवल्याची खोटी आठवणही तयार करतो. म्हणूनच काही पालक दिवसभर निर्धास्तपणे काम करून संध्याकाळी मुलाला आणायला पाळणाघरात गेल्याच्या घटना घडल्या आहेत.

म्हणून उपाय मायेवर सोपवता येत नाही, तो व्यवस्थेत असावा लागतो. ज्याच्याशिवाय कामावर पाऊल टाकता येत नाही अशी वस्तू, म्हणजे ओळखपत्र, मोबाइल किंवा सरळ एका पायातला बूट, मुलाच्या सीटशेजारी ठेवावी. ठरलेल्या वेळेत मूल आले नाही तर पाळणाघराने लगेच फोन करावा, आणि तो उचलला जाईपर्यंत करत राहावा, हे आधीच बोलून ठेवावे. माझ्या दृष्टीने सगळ्यांत भरवशाचा उपाय हाच, कारण तो पालकाच्या डोक्याबाहेरचा आहे. इटलीने २०१९ मध्ये चार वर्षांखालील मुलांच्या सीटला इशारा देणारे उपकरण बंधनकारक केले. काही नव्या गाड्याही उतरताना मागे पाहण्याची आठवण देतात, पण त्यांतील अनेक फक्त प्रवासाआधी मागचे दार उघडले होते की नाही एवढेच तपासतात.

‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून जाणूनबुजून मुलाला आत ठेवण्याबद्दल फार लिहायला नको. रांग लांबते, ओळखीचे कुणी भेटते, आणि एसी चालू ठेवला तरी इंजिन बंद पडू शकते.

उन्हात बंद गाडीत एकटे मूल दिसले, तर मालकाची वाट न पाहता मदत बोलवावी. मूल निपचित असेल तर त्याच्यापासून लांबची, बाजूची काच कोपऱ्यावर फोडावी, कारण समोरची काच सहसा फुटून मोकळी होत नाही. बाहेर काढल्यावर कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये.

राहता राहिली ती स्वतःहून गाडीत शिरणारी मुले, आणि अशा मृत्यूंतील सुमारे पाव हिस्सा त्यांचा आहे. कुलूप नसलेली उभी गाडी त्यांना लपायला आयती जागा असते. आतून दार उघडणे त्यांना जमतेच असे नाही, चाइल्ड लॉक लावलेले असेल तर मुळीच नाही. त्यामुळे वापरात नसली तरी गाडी कुलूपबंद असावी आणि चावी मुलांच्या हाती लागू नये. घरातले मूल अचानक दिसेनासे झाले, तर पाण्याच्या जागा पाहून झाल्याबरोबर आसपासची प्रत्येक गाडी डिकीसकट उघडून पाहावी.