हास्यजत्रेतली मागची फळी

आमच्याकडे जेवणं टीव्हीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' हा विनोदी कार्यक्रम लावूनच होतात. सासूबाईंना समीर चौघुले लागतात, लेकीला शिवाली परब, आणि मी बघत असते ती दारातून आता कोण येणार ते. कॉलेजात एकांकिकांच्या ग्रुपमध्ये होते, पण काम विंगेत. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळायची, आणि कोणी वाक्य विसरलं की आतून हळूच सांगायचं, म्हणजे प्रॉम्प्टिंग करायचं. त्यामुळे पुढे उभं राहून बोलणाऱ्यापेक्षा मागे गप्प उभ्या असलेल्याकडे आधी नजर जाते. खोडच ती.

२०१८ साली सोनी मराठीवर हे सुरू झालं तेव्हा जोड्यांची स्पर्धा होती, मार्क होते. कोणाला किती मिळाले ते आज कोणी सांगू शकणार नाही. कार्यक्रमाचे कर्तेधर्ते सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी जमवलेली पोरं मात्र घराघरात नावानिशी माहीत झाली, गावा-वस्तीसकट! गौरव मोरे पवईच्या फिल्टरपाड्याचा, निखिल बने भांडुपचा, शिवाली कल्याणची, ओंकार भोजने चिपळूणचा. पूर्वी अशा पत्त्याचा मुलगा टीव्हीवर हीरोचा ड्रायव्हर तरी व्हायचा नाहीतर चोर. गौरव मात्र छाती काढून पाड्याचं नाव घ्यायचा आणि टाळ्या तिथेच पडायच्या. मला हे त्याच्या पंचपेक्षाही, म्हणजे हशा पिकवणाऱ्या वाक्यापेक्षाही, जास्त आवडायचं.

पण माझा खरा जीव बने आणि दत्तू मोरेवर. वाट्याला कधीकधी दोनच वाक्यं. बने येतो तो कोरा चेहरा घेऊन, काहीही न करता. समोर चौघुले थैमान घालत असतात, हा नुसता बघतो. लोक हसायला लागतात आणि आता खरी गंमत: हशा चढत असताना वाक्य टाकलं तर ते कोणाला ऐकूच येत नाही, आणि पूर्ण विरू दिला तर प्रयोग थंड पडतो. हशा जरा उतरायला लागला की त्या फटीत वाक्य सोडायचं. आमच्या तालमींत आठवडे जायचे यात, तरी स्पर्धेच्या दिवशी कोणीतरी घाई करायचंच. इथे तर दर आठवड्याला नवी स्किट्स. शिवाय प्रसाद खांडेकरसारखे काही जण स्वतःच लिहितात आणि स्वतःच उभे राहतात. ते कधी झोपतात देव जाणे.

सगळंच आवडतं असं नाही हं. जाडेपणावरचे विनोद सुरू झाले की मी भांडी उचलायला उठते. वनिता खरातला 'कबीर सिंग'मध्ये शाहिद कपूरपुढे नुसतं धावतानाही लोकांनी लक्षात ठेवलं, तिला वजनाच्या कुबड्या कशाला हव्यात? आणि परीक्षकांचे हसरे क्लोजअप निम्म्याने कमी केले तरी चालेल. ऐन पॉजमध्ये कॅमेरा तिकडे वळला की नटाने धरलेला श्वास वाया जातो.

मध्ये भोजने गेला, मग गौरव हिंदीत गेला, तेव्हा सासूबाईंनी "आता संपलं" म्हणून जाहीर केलं होतं. संपलं कुठलं! मागे उभी असलेली पोरं दोन पावलं पुढे आली. परवा बनेला चक्क लांबलचक स्वगत होतं, आणि सासूबाईंनी भाकरी तोडायची थांबवून विचारलं, "हा कोण गं? नवीन आहे का?"